चादरीखालची पिशवी

ज्या दिवसानंतर काहीच सरळ राहिलं नाही, त्या दिवशी सकाळी बाबांनी सिस्टरची तोंडी परीक्षा घेतली.

त्यांच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. लघवीसाठी नळी घातलेली होती आणि तिची पिशवी पलंगाच्या कडेला, खाली, हुकाला लटकत होती. सिस्टरने हात धुतले, मांडीवर नळी नीट चिकटलेली आहे का ते पाहिलं, वाकून पिशवी जमिनीला टेकत नाही ना ते पाहिलं आणि पायथ्याच्या तक्त्यावर टिक केली.

"ढाळ बरोबर आहे का?" बाबांनी विचारलं.

"कसला ढाळ, आजोबा?"

"नळीचा. मध्ये झोळ पडला की तुंबतं. चाळीस वर्षं नळाची कामं केलीत मी."

सिस्टरने बोटाने नळीची वाट दाखवली. "झोळ नाही, पीळ नाही, पिशवी पोटाच्या पातळीखाली. पास?"

"पास. पण काम तात्पुरतं की कायमचं?"

"तात्पुरतं. रोज सकाळी आम्ही विचारतोच, ही अजून लागते का म्हणून. जितके दिवस आत राहील तितकी जंतूंना आयती वाट. उद्या काढू असं डॉक्टर म्हणालेत."

"सुटलो!"

मग ती बाबांच्या थोरल्या मुलीकडे वळली. थोरली खिडकीपाशी मोसंबं सोलत बसली होती. ती एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. आजारी बाप आणि उशाशी बसलेली मुलगी यांच्यावर तिने बरंच वाचलं होतं. पुस्तकातल्या मुलींना अशा वेळी काय बोलावं ते नेमकं सुचतं. तिला मोसंबं सोलता येत होतं, म्हणून ती तिसरं सोलत होती.

"ताई, कुणीही येऊ दे, पिशवी वर उचलायची नाही," सिस्टर म्हणाली. "वर गेली की आतली लघवी उलटी फिरते. हलवायची वेळ आलीच तर मला हाक मारा."

"बरं," थोरली म्हणाली.

दुपारी चारच्या सुमाराला फोन आला. पान्या आणि वॉशर भेटायला निघाले होते. दोघंही पन्नाशीचे, पोटं सुटलेले, स्वतःची माणसं हाताखाली असलेले. पण कधीकाळी बाबांच्या हाताखाली शिकले होते आणि ही नावं बाबांनीच ठेवली होती. फोन ठेवल्यावर बाबांनी पलंगाच्या कडेकडे पाहिलं.

"ती लपव."

"बाबा, सिस्टरनी सांगितलंय ना..."

"मला ढाळ शिकवू नकोस. दहा मिनिटांचा प्रश्न आहे. त्या दोघांना मी ओरडून ओरडून माणसात आणलंय. आता ते येऊन माझी लघवी बघणार?"

सिस्टर समोरच्या खोलीत होती. दार उघडंच होतं, हाक ऐकू गेली असती. थोरलीने हाक मारली नाही. तिने पिशवी हुकावरून काढली आणि चादरीखाली, बाबांच्या पोटाशी ठेवली. वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती आणि कोमट होती.

"पडलात कुठे, मिस्त्री?" पान्याने आत येता येता विचारलं.

"न्हाणीघरात."

"फरशी कुणी बसवली होती?"

"मीच."

"मग तक्रार कुणाकडे करायची?" वॉशर म्हणाला, आणि तिघंही असे हसले की शेजारच्या पेशंटने मान वर केली.

दहा मिनिटं झाली, मग चाळीस. कुठल्या इमारतीत कुणी उलटा व्हॉल्व्ह बसवला होता आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने कुणाला झाडूने हाणलं होतं, सगळं निघालं. बाबा इतके बोलताना थोरलीने कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. तिने पुस्तक उघडलं होतं. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत होती. मध्ये एकदा ती चादरीकडे झुकली, तेव्हा बाबांनी नुसते डोळे वटारले आणि ती मागे टेकली.

सहाला दोघं गेले. त्यांची पाठ फिरताच तिने पिशवी होती तिथे अडकवली. पाठोपाठ सिस्टर आली, पिशवीवरच्या मापाच्या रेघा पाहून थबकली.

"दुपारपासून कमीच भरलीय. पिशवी खालीच होती ना, ताई?"

"हो," थोरली म्हणाली. "खालीच होती."

सिस्टरने लिहून घेतलं. ती गेल्यावर बाबांनी थोरलीला डोळा मारला. "शहाणी माझी बाय!"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना हुडहुडी भरली. नळी काढली, लघवी तपासायला पाठवली, सलाईनमधून औषधं सुरू झाली. संध्याकाळपर्यंत ते असंबद्ध बोलू लागले. कुठलीतरी टाकी भरून वाहतेय, कुणीतरी बंद करा, असं सारखं म्हणत होते. संसर्ग रक्तात उतरला होता. "आदल्या दिवशी काही वेगळं घडलं होतं का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा थोरलीने नकारार्थी मान हलवली. चौथ्या दिवशी ते गेले.

तिचा धाकटा भाऊ परगावाहून पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. भेट झाली नाही. रडण्याऐवजी त्याने तक्रार लिहिली. त्या सिस्टरने नळीची काळजी घेतली नाही, असं त्यात स्पष्ट होतं. थोरलीने ती वाचली आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त करून परत दिली. आपण असं केलं याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलने बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला मोठ्या सिस्टर आणि हॉस्पिटलमधल्या संसर्गाचं काम बघणाऱ्या बाई. टोकाला ती सिस्टर. चौकशी संपेपर्यंत तिला वॉर्डातून काढून कागदपत्रांच्या कामावर बसवलं होतं. टेबलावर बाबांचे तक्ते होते.

"टिक करायला काय लागतं?" धाकटा म्हणाला. "बसल्या जागी शंभर करता येतात."

"मी वाकून बघते, दादा," सिस्टर म्हणाली. "दरवेळी."

बाईंनी एक तक्ता पुढे सरकवला. "संध्याकाळी सहा. 'पिशवी खाली. नातेवाइकांना विचारून खात्री केली.' हे बघा, एवढ्यावरून संसर्ग कशाने झाला ते मी ठामपणे सांगू शकत नाही. सगळं नीट करूनही कधी कधी होतो. पण त्या दुपारी लघवी कमी आलीय, म्हणून विचारतेय. लाजेपोटी लोक पिशवी पांघरुणात घेतात. त्यासाठी आमच्याकडे कापडी खोळ असते. पिशवी खालीच राहते आणि कुणाला दिसत नाही. या मजल्यावर ती कुणाला दिली जाते का, हेही मला बघायचंय. पुढच्या पेशंटसाठी."

"खोळ असते?" थोरलीने विचारलं. खोलीत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"असते. कपाटात."

"म्हणजे आता आमच्यावर ढकलणार तुम्ही," धाकटा म्हणाला. "आमच्या घरातलं कुणी असं करेल? ताई रोज सकाळपासून तिथे असायची. ताई, सांग ना त्यांना. तू गप्प का?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सिस्टर तेवढी तक्त्याकडे पाहत होती, स्वतःच्याच अक्षराकडे. थोरलीला बाबांचा मारलेला डोळा आठवला. दुपारभर त्यांनी राखलेली इभ्रत आता या टेबलावर मांडावी लागणार होती, तीही धाकट्यासमोर. तिने पाण्याची बाटली थोडी बाजूला केली.

"तक्ता खरा आहे," ती म्हणाली. "खोटं मी बोलले. पिशवी साडेचारपासून सहापर्यंत वर होती, चादरीखाली, त्यांच्या पोटाशी. सिस्टरनी मला सकाळी बजावलं होतं आणि संध्याकाळी विचारलंही होतं. डॉक्टरांनीही विचारलं. लपव असं बाबा म्हणाले होते. पण उचलली मी."