डेलचा वाटा

आमच्या घरचा शिकारीचा रस्सा म्हणजे खरं तर खुरांचा रस्सा.

आजोबा गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालगुजाराच्या शिकारीत हाकारे होते. डबे बडवत, काटे तुडवत रान उठवायचं ते यांनी, बंदूक दुसऱ्याची. आजी चुलीपाशी म्हणायची,

रान उठवी हाकारा, काटा रुते तळव्यात
मांडी गेली वाड्यावर, खूर आले वाट्यात

त्या खुरांना चव यावी म्हणून तिनं मसाला जमवला. भाजलेला कांदा, खोबरं, जवस, दगडफूल. दाटपणाला ज्वारीचं पीठ. आजीचा तो आईनं घेतला, आईचा मी सातासमुद्रापार शॉमबर्गला आणला.

२००६च्या नोव्हेंबरात माझ्या ओट्यावर मात्र हरणाची अख्खी मांडी होती. माझा नवरा भानुदास याच्या ऑफिसात टपाल वाटणाऱ्या डेलनं विस्कॉन्सिनला जाऊन शिकार केली होती. मांडी देताना तो म्हणाला होता, "बायकोला तुमच्या पद्धतीनं करायला सांग. आणि मला जेवायला बोलाव." भानुदासनं शब्द दिला, या वीकेंडला नक्की.

"मग शनिवारीच बोलावतो त्याला," भानुदास म्हणाला.

"शनिवारी अमित येतोय, तुझा मॅनेजर. शिवाय आपल्या मित्रमंडळींतले मृणालिनी, विनय. सगळे मराठीत बोलणार. तो बिचारा अवघडेल."

"डेल? तो दगडाशीपण गप्पा मारेल."

"राहू दे ना यार. त्याला डब्यात देऊ."

भानुदासनं कपाटातून डबा काढून ठेवला. मला माहीत होतं, अवघडणार होते ते मी. अमितच्या शेजारी टपालवाला कसा बसवायचा?

शनिवारी रस्सा असा जमला की कुणी बोलेना. "वहिनी, हरीण खाल्ल्याचं पाप लागलं तरी चालेल," म्हणत अमितनं चौथ्यांदा वाढून घेतलं. विनयनं पातेलं भाकरीनं पुसलं. डब्याची आठवण झाली तेव्हा तळाशी हाडं होती.

रविवारी सकाळी आईचा नागपूरहून फोन.

"कावं उपासना, जमला का रस्सा?"

"मस्त जमला."

"अन् ज्यानं मारलं, त्याले बसवलं ना पंगतीत?"

"हो."

"बरं केलंस माय. तुझ्या आजोबाले कोणी बसवलं नाही कधी."

मी खोटं बोलून फोन ठेवला. मालगुजाराच्या वाड्यावर कोण होतं काल? मी होते. पदर खोचून, हसून वाढत.

भानुदास म्हणाला, "सोमवारी सांगतो त्याला, मांस बिघडलं म्हणून."

"नको."

मी डेलला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"हे! आज आहे ना? कालचा दिवस मोकळा ठेवला होता मी, कुणी फोनच केला नाही. येताना ॲपल पाय आणू का?"

हो म्हणावं, भानुदासला दुकानात पिटाळावं, बकऱ्याचं मटण आणून तोच मसाला घालावा. त्याला काय कळणार? क्षणभर तेही मनात आलं.

"डेल, जेवण काल झालं," मी म्हणाले. "भानुदास तुम्हाला बोलावणार होता. मी नको म्हटलं. त्याचा मॅनेजर येणार होता, म्हणून. तुमच्यासाठी काही उरलं नाही. सॉरी."

पलीकडे टीव्हीवर मॅच चालू होती, तिचा आवाज बारीक झाला.

"ओके," तो म्हणाला. "सांगितलंत, बरं केलंत."

फोन कुणी ठेवायचा, ते दोघांनाही कळेना.