फळीचं विरजण

मलप्पानं फळीला बोट लावलं आणि उचललं, तर बोटाबरोबर काकवीसारखी बारीक तार निघाली. रात्रभर दोन-दोन पंखे लावूनही हे हाल! त्याचं तोंड कडू झालं.

"वाळलं न्हाई गं," तो लेकीला म्हणाला.

दाक्षायणीनं घड्याळाकडं पाहिलं. तिची हुबळीची गाडी संध्याकाळची होती. गोकर्णच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात ती स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिथंच लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकली होती. चांगली शिकली होती. मालक म्हणाला होता, सोमवारी स्वतःची फळी घेऊन आलीस तर पाहुण्यांना शिकवायला लाग, नाहीतर पोळ्या आहेतच. पोळ्यांना ती विटली होती.

आता उदगीरात फायबरचं काम म्हटलं की मलप्पाच. निम्म्या गावाचे कूलर त्याच्या हातचे. लेकीनं कागदावर आकार काढून दाखवला, त्यानं मोडीत निघालेल्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतीतला पिवळा फोम आणला, तासून तासून माशासारखा निमुळता केला आणि वर काचेचं कापड घालून रेझिनचा चीक, घट्ट व्हायला हार्डनर मिसळून, चढवला. इथवर सगळं झकास. घोडं अडलं ते उन्हावर. मलप्पाचा प्रत्येक कूलर अंगणात उन्हाला लावून कडक झालेला, आणि ही फळी त्यानं आतल्या अंधाऱ्या गोदामात दडवली होती.

दडवणार नाही तर काय! टँकर उभा राहायचा तो त्याच्याच अंगणात. दुष्काळाचं साल, नळ कोरडे, आणि गल्लीनं पाण्याच्या रांगेचा कारभार मलप्पाच्या गळ्यात घातलेला. त्यानंही तो असा मिरवला की विचारू नका. कुणी मोटारसायकल धुतली की हा दारात जाऊन तासणार. शेजारच्या नागम्मानं तुळशीला तांब्याभर जास्त घातलं तर तिलाही सोडलं नव्हतं. त्याच मलप्पाच्या अंगणात पाण्यावर खेळायची फळी दिसली असती तर गल्लीनं त्याला चघळून खाल्लं असतं. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचाही राग येत होता.

"अप्पा, अजून थोडं हार्डनर लावू का वरून?" दाक्षायणीनं विचारलं.

"थांब, इचार करू दे."

विचार कसला, तो चहा मागायला स्वयंपाकघरात गेला. तिथं त्याची बायको शांतम्मा दह्याच्या गाडग्याशी भांडत बसली होती.

"कुणी उघडं ठेवलं हे? पौषाची थंडी अन् वरून वारं. इरजण लागंल कसं?"

"मग अजून घाल की इरजण," मलप्पा वैतागून म्हणाला.

"आंबट ढाण करू? लावलंय तेवढं बास हाय. झाकायचं, उबंला ठेवायचं अन् हात लावायचा न्हाई." तिनं गाडग्यावर ताटली ठेवली, जुनं लुगडं गुंडाळलं आणि ते चुलीशेजारी सरकवलं.

मलप्पा कप हातात धरून तसाच उभा राहिला. हार्डनरच्या बाटलीला तो आयुष्यभर विरजणच म्हणत आला होता. गिऱ्हाइकांना हसवायला म्हणायचा, "दुधाला इरजण, तसं फायबरला हे." आणि इतकी वर्षं स्वतःचंच बोलणं त्यानं कानाआड केलं होतं. रेझिन काय पापड आहे वाळायला? ते लागतं! उन्हाची ऊब होती म्हणून कूलर लागत होते. आणि त्यानं फळीवर रात्रभर गार वारा सोडला होता.

"दाक्षी, पंखे बंद कर!" तो तिथूनच ओरडला.

दोघांनी मिळून प्लास्टिकचा पातळ कागद फळीवर अंथरला. मधे हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून मधून कडेला तळव्यानं दाबत नेला. दाक्षायणी म्हणाली, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवू या का बाजूनं. मलप्पानं तिच्याकडं असं पाहिलं की ती ओशाळून हसली. शेवटी चुलीवर विटा तापवल्या, पोत्यात गुंडाळून फळीच्या दोन्ही अंगाला मांडल्या आणि वर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या घातल्या. मग शांतम्मानं गोदामाला कडी लावली आणि दोघांना बजावलं, "आता हात लावायचा न्हाई."

दुपार ढळल्यावर मलप्पानं गोधडी काढली. कागदाचं एक टोक धरून ओढलं. कागद सरसर सुटून आला. खालची फळी काचेसारखी लखलखीत, बोट ठेवलं तर बोट कोरडं. त्यानं टिचकी मारली. टण्ण!

"लागलं!" तो ओरडला. दाक्षायणीनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि रडली. त्याच्याही छातीवरचा धोंडा उतरला.

पण गोदामाला दार एकच, अंगणात उघडणारं. आणि अंगणात टँकर येऊन उभा, पिंपांची रांग पार कोपऱ्यापर्यंत. उदगीर जिल्हा झाला की नळाला रोज पाणी येणार का, यावर रांगेत वाद पेटलेला. बापलेक फळी खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि वाद थांबला.

"मलप्पा, हे काय रे?" नागम्मानं विचारलं.

थाप मारावी, दार आहे म्हणावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण लेकीचा खांदा पुढं होता.

"पाण्यावरची फळी हाय. दाक्षी ह्याच्यावर उभी ऱ्हाती, समुद्रात."

मलप्पा मान खाली घालून तुळशीच्या तांब्यावरून येणाऱ्या टोमण्याची वाट पाहत राहिला.

"समुद्रात," नागम्मा म्हणाली. "लई पाणी असंल न्हवं गं, दाक्षे?"

"लई, काकू. नजर पोचत न्हाई इतकं. पण खारट हाय."

"खारट तर खारट. कुठं तरी हाय म्हणायचं." तिनं फळीवरून कोरडा तळवा फिरवला आणि मग मागं वळून सगळ्यांवर खेकसली, "बगताव काय? पिंपं काढा की वाटंतली! पोरीची गाडी चुकंल."

नंबरासाठी एकमेकांच्या झिंज्या धरणारी ती रांग. पण एकेक पिंप खरडत बाजूला झालं, मधून वाट झाली. कुणाचं पिंप कुणाच्या पुढं गेलं, हे त्या दिवशी मलप्पानं पाहिलंसुद्धा नाही.