पुस्तिकेबाहेरचं वाक्य

"बाई, निदान 'शुभेच्छा' तरी म्हणा!" मागच्या बाकावरून कोणीतरी खडा टाकला.

"ते सूचनांच्या पुस्तिकेत नाही," घड्याळबाई म्हणाल्या आणि पुढची सूचना वाचू लागल्या.

हे नाव मुलांनीच ठेवलेलं. एरवी त्या शिवणाच्या बाई. बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षकाने छापील सूचनांपलीकडे अक्षरही बोलायचं नाही, असा नियम. बाकीचे तो थोडाफार वाकवायचे, बाई नाही. म्हणून दरवर्षी हे काम त्यांच्याकडेच यायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा तोराही होता. शिवणाच्या तासाला कोण विचारतंय! या दिवसांत मात्र मुख्याध्यापकसुद्धा त्यांना विचारून वर्गात पाऊल टाकत.

त्या दिवशी उच्चस्तर गणिताचा पेपर होता. वेळ संपत आली तशा बाई रांगांमधून फिरल्या. सगळ्यांची शेवटच्या पानावरच्या आलेखाशी झटापट चालली होती. शाळेच्या शिपाईमामांची धाकटी मुलगी तेवढी पेपर मिटून, हाताची घडी घालून निवांत बसली होती. तिची शेवटची दोन पानं कडेला चिकटलेली होती. पोरीला वाटत होतं, झालं सगळं. या पेपरवर तिचं कॉलेज ठरणार होतं.

टेबलापाशी येऊन बाईंनी पुस्तिका चाळली. कामाचं एकही वाक्य नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"सगळ्यांनी शेवटचं पान उलटून बघा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चिकटलं असेल तर सोडवा."

वर्गाने माना वर केल्या. घड्याळबाई मनाचं बोलल्या! धाकटीने पान सोडवलं, पांढरीफटक पडली आणि भराभर लिहायला लागली.

पेपर जमा करून बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि घडलं ते सांगितलं.

"सोडा हो, बाई. कोणाला काय कळणार?"

"मला कळलंय ना. वर कळवा."

"मग हे काम तुमच्या हातून जाईल. कायमचं."

"माहीत आहे." बाईंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामा शिवणाच्या खोलीत चहा घेऊन आले.

"आज पेपरवर नाही तुम्ही?"

"नाही."

"पोरगी म्हणत होती, सगळा पेपर लिहून झाला. हुशारच आहे हो आमची!"

"आहेच," बाई म्हणाल्या.

मामा घंटा द्यायला गेले. घंटा झाली तशा बाई सवयीने उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि दार लोटून पुन्हा खुर्चीवर येऊन बसल्या.