डाग कशाचा

“सवत माझी बाई, चार चाकांची लाडकी,
तिला रोज न्हाणं, मी पारोशी दोडकी.”

आई हे ओट्यापाशी उभं राहून म्हणायची. खिडकी मुद्दाम उघडी ठेवायची, म्हणजे खाली गाडी धुणाऱ्या बाबांच्या कानावर नीट पडावं. बाबा फडकं पिळता पिळता वर ओरडायचे, “सवतीला तोंड नाही, एवढं एक बरं आहे!”

आई जाऊन नऊ वर्षं झाली. सवत अजून दारात आहे, निळी, बुटकी, कान टवकारल्यासारखे आरसे बाहेर काढून. बाबांचे गुडघे वाकेनासे झाले तेव्हापासून तिचं न्हाणं थांबलं. म्हणून घरी येऊन गाडी आतून-बाहेरून साफ करणाऱ्या व्हॅनवालीला मी फोन केला. निदान बाबांना मी कारण तेच सांगितलं.

“ताई, पाणी माझं मी आणते, व्हॅनमध्ये टाकी असते,” फोनवर ती घडाघडा बोलली. “विजेचा एक पॉइंट लागेल. गाडी रिकामी करून ठेवा, कप्प्यातले कागद, डिकीतली छत्री, सगळं. तीन तास धरा. सीट वाळायला संध्याकाळ होईल, तोवर कुणी बसायचं नाही. आणि गाडी ज्यांच्या हातात असते ते समोर हवेत. त्यांच्याबरोबर एक फेरी मारल्याशिवाय मी हात लावत नाही.”

“फेरी कशाला?”

“आधीचे ओरखडे आधी बघून घेते. नंतर माझ्या माथी नकोत.”

मी हो म्हटलं. खरं कारण माझ्या पोटात होतं.

बारा दिवसांपूर्वी बाबा नळाचा वायसर आणायला म्हणून अकराला बाहेर पडले ते साडेचारला आले. कमरेला गाडीतला टॉवेल गुंडाळलेला. “रस्ता तुंबला होता,” म्हणाले आणि थेट न्हाणीघरात. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्यानं त्या दिवशी स्वतःची पँट धुतली, पिळली, दोरीवर वाळत घातली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. पाहिलं आणि डाळीत पळी फिरवत राहिले. वायसर आलाच नव्हता. नळ टपटपत होता.

दुसऱ्या दिवशी गाडीत तीन सुगंधी झाडं लटकत होती, कागदाची.

एरवी हेही मी गिळलं असतं. पण सोमवारपासून कामावरची माझी पाळी सकाळी सहाची होणार होती, आणि माझ्या मुलीला, चिमणीला, शाळेत सोडायचं बाबांनी आनंदानं अंगावर घेतलं होतं. चिमणी सात वर्षांची. तिनं दप्तराला नवं कुलूपसुद्धा लावून ठेवलं होतं. रोज रात्री मी ठरवायची, उद्या विचारू. आणि रोज सकाळी बाबा दाढी करून, भांग पाडून, “काय गं, झोप झाली का?” म्हणत समोर यायचे की माझे शब्द जिभेखाली जाऊन बसायचे. बापाला काय विचारायचं? कोणत्या तोंडानं? शेवटी मी बाई बोलावली. वास गेला की संशय जाईल, असं मी स्वतःला समजावलं.

शनिवारी दहाला व्हॅन आली. उतरली ती चाळिशीची, ओढणी कमरेला खोचलेली, पायांत रबरी बूट.

“काका, चला, तुमच्या लाडकीची ओळख करून द्या.”

बाबा खुलले. अशी फेरी मारली, जणू मुलीचं स्थळ दाखवताहेत. ती कागदावर काढलेल्या गाडीच्या चित्रावर फुल्या मारत गेली आणि बाबा प्रत्येक ओरखड्याची जन्मकथा सांगत गेले. “हा दूधवाल्याच्या सायकलचा, बावीस वर्षं झाली. हा हिच्या आईनं काढला, भाजीची पिशवी टेकवताना. मी काही बोललो नाही, आठवडाभर फक्त तिच्यादेखत मुद्दाम या बाजूनं जात राहिलो. आणि हा या बाईसाहेबांचा, शिकत होत्या तेव्हाचा. खांबानं येऊन धडक दिली म्हणे!”

“खांब फार माजलेत हल्ली,” व्हॅनवाली म्हणाली.

बाबा हसले, मीही हसले. बावीस वर्षांपूर्वीची सायकल आठवते तर मग काय बिघडलंय? माझ्या मनानं त्या हसण्याचा पदर घट्ट धरला.

मग तिनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

खाली वाकली, सीटवर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. लटकणाऱ्या तीन झाडांकडे पाहिलं.

“काका, हे कशाचं?”

“चहा.”

“दुधाचा?”

“नाही. कोरा.”

कोरा! पेल्यात दूध थेंबभर कमी पडलं तर पेला परत पाठवणारा माणूस. मी व्हॅनच्या चाकाकडे बघत राहिले.

“नीट आठवून सांगा हं,” ती सावकाश म्हणाली. “प्रत्येक डागाचं औषध निराळं. कोऱ्या चहाला वाफ चालते. पण काही डाग असे असतात, वाफ लागली की शिजतात, आत बसतात. मग मी काय, कुणीच काढू शकत नाही. वासही राहतो. पाऊस पडला, ऊन तापलं, की वर येतो.”

“चहा म्हटलं ना एकदा.” बाबांचा आवाज चढला. आईवरसुद्धा तो तसा चढलेला मला आठवत नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, मला कळलं होतं, आणि आम्हा दोघींना कळलंय हे बाबांनाही कळलं होतं. तिघं उघड्या दाराभोवती उभे, आणि बोलणार कोण?

“बरं,” ती म्हणाली. “ही सीट शेवटी घेते. तोवर आठवेल.”

तीन तास म्हणजे किती असतात ते मला त्या दिवशी समजलं. तिनं पायपुसणी झटकली, फटीफटीतून ब्रश फिरवला, मागच्या सीटखालून चिमणीची क्लिप, दोन खडू आणि एक वाळलेली पेरूची फोड काढली. काचा पुसल्या तशा काचा नाहीशाच झाल्या. बाबा जिन्यापाशी खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, निकालाची वाट बघत बसल्यासारखे.

मी दोनदा खाली गेले. पहिल्यांदा म्हटलं, “बाबा, ऊन लागतंय का?” ते म्हणाले, “नाही.” दुसऱ्यांदा श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघावं? “चहा टाकू?”

बाबांनी मान खाली घातली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी वर आले, रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं, पुन्हा उतरवलं. हात काम मागत होते आणि जे काम होतं ते हातांचं नव्हतं.

एक वाजता खालून यंत्राची घरघर ऐकू आली. मी जिना उतरले तेव्हा चिमणी आजोबांच्या खुर्चीच्या दांडीला लोंबकळत होती.

“आजोबा, सोमवारी मी पुढे बसणार.”

“पुढे लहान मुलं बसत नाहीत.”

“मग मागे बसून मी तुम्हाला रस्ता सांगणार. डावीकडे, उजवीकडे, आणि मग शाळा!”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावरची बट त्यांनी मागे सारली, ती पुन्हा पुढे आली, त्यांनी पुन्हा सारली.

व्हॅनवाली वाफेची नळी हातात घेऊन चालकाच्या दारापाशी उभी होती. नळीच्या तोंडातून पांढरा धूर सुटत होता. “काका, एवढंच राहिलंय. मारू?”

तिनं नळी सीटकडे वळवली.

“थांबा.”

ते खुर्चीवरून उठले. उठताना नेहमी माझा हात धरतात, तो धरला नाही. “चिमणे, वर जाऊन माझा चष्मा आण बरं.” चष्मा त्यांच्या खिशातच होता. ती टुणटुणत जिना चढून गेली.

व्हॅनवालीनं यंत्र बंद केलं.

बाबा बोलले ते तिच्याशी. परक्या माणसाशी बोलणं सोपं पडलं असावं. “चहा नाही. माझंच आहे ते. लघवी.”

“असू दे काका. रोजचंच आहे माझं. निघेल,” ती म्हणाली आणि दुसरी बाटली काढायला व्हॅनकडे वळली.

“त्याचं काही नाही हो.” बाबांनी तिला हातानं थांबवलं, आणि मग ते हळूहळू माझ्याकडे वळले. नजर हलली नाही.

“त्या दिवशी रस्ता तुंबला नव्हता गं. मला घरच सापडेना. वळणावर आलो आणि कुठल्या बाजूला वळायचं तेच गेलं. कडेला गाडी लावली. तीन तास बसून होतो. खाली उतरून कुणाला विचारावं, तर पत्ता आठवेना. आणि उतरलो तर गाडी कोणती हेही विसरेन, अशी भीती वाटली. म्हणून उतरलोच नाही. शेवटी आपल्याकडची बस दिसली, तिच्या मागे लागलो. ती थांबली की थांबायचं, ती निघाली की निघायचं. तसा आलो. आणि एकदाच नाही, त्याआधीही दोनदा झालंय. सोमवारी चिमणीला माझ्याबरोबर पाठवू नकोस.”