फाटक्या नळीने ऐकलेला आवाज

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझ्या रबरी नळीला चीर गेलेली आहे आणि छातीवर टेकवायची माझी चकती इतकी झिजली आहे, की तिच्यावर कोरलेले कारखान्याचे नाव आता वाचता येत नाही. सामोआ देशातल्या सावायी बेटावर, समुद्राकाठच्या एका छोट्या दवाखान्यात मी खिळ्याला अडकून राहतो. मित्रांनो, माझ्या जातभाईंना तुम्ही डॉक्टरांच्या गळ्यात पाहिले असेल. आम्ही तिथे शोभेला लटकतो असे तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. आम्ही दिवसभर ऐकतो. निमूट ऐकून घेणाऱ्याची किंमत मात्र कोणाला नसते, म्हणून मी जरा चिडका झालो आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. खोक्यात बंद होऊन, जहाजाचे हेलकावे खात मी इथे आलो आणि नर्स मकेरिताच्या हाती पडलो. तेव्हा तीही नवी होती आणि मीही. पुढची बावीस वर्षे आम्ही एकमेकांना सोडले नाही. तान्ह्या बाळांच्या छातीतली घरघर मी ऐकली, म्हाताऱ्यांचे अडखळणारे श्वास ऐकले आणि हजारो हृदयांची लब-डब, लब-डब ऐकली. “मकेरिताच्या नळीपासून काही लपत नाही,” असे गावातले लोक म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जाई.

मग तीन वर्षांपूर्वी एक नवा स्टेथोस्कोप आला. काळाभोर, मऊ, चकचकीत. माझी रवानगी खालच्या खणात झाली. सोबतीला गंजलेली कात्री आणि उसवलेल्या पट्ट्या होत्या. एका पालीने तर माझ्या चकतीजवळ अंडी घातली. मला फार वाईट वाटले. रडायची सोय आमच्या जातीत नाही, नाहीतर रडलोही असतो.

पुआची गोष्ट घडली ती मी त्याच खणात पडलेलो असताना. पुआ ही दवाखान्यामागच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी. आमच्या गावात ऑक्टोबरमध्ये मुलांचा रविवार असतो. त्या दिवशी मुले पांढरेशुभ्र कपडे घालून चर्चमध्ये उभी राहतात, पाठ केलेली वचने म्हणतात आणि घरी आल्यावर मोठ्यांच्या आधी त्यांची पाने वाढली जातात. वर्षभर मोठ्यांचे उरलेले खाणाऱ्या पोरांना त्या दिवसाचे केवढे अप्रूप! त्या वर्षी सगळ्यांत लांब वचन पुआच्या वाट्याला आले होते. तिची आई सेफिना घरोघर तेच सांगत फिरत होती.

पण रविवारला दहा दिवस उरले असताना पुआचा गुडघा सुजला. आदल्या दिवशी ती क्रिकेट खेळली होती, तेव्हा पडली असेल, असे सगळे धरून चालले. सेफिनाने तिला लुसियाआजीकडे नेले. लुसियाआजी म्हणजे गावची चोळणारी. खोबरेल तेल घेऊन ती असे काही चोळते, की मुरगळलेले पाय दोन दिवसांत धावू लागतात. दुखणे वरून खाली लोटत न्यायचे आणि पावलातून बाहेर काढायचे, ही तिची रीत. तिने पुआचा गुडघा तीन दिवस चोळला. गुडघ्याची सूज उतरली आणि घोटा दुखू लागला.

“बघा, उतरतंय!” सेफिना आनंदाने म्हणाली. “आता पावलातून गेलं की सुटलो.”

मग दुसरा घोटा दुखू लागला, तरी सगळे खूशच होते. अंग थोडे तापत होते, तेही दुखणे बाहेर पडतानाची ऊब म्हणून सोडून दिले. चूक झाली ती अशी, मित्रांनो. आजार आपल्या पायांनी फिरत होता आणि घरच्यांना वाटत होते, आपणच त्याला हाकलतो आहोत.

शनिवारी दुपारी दवाखान्याचे दार धाडकन उघडले. खणातून मला लुसियाआजीचा आवाज ऐकू आला.

“मकेरिता, हिला बघ. आत्ताच्या आत्ता बघ.”

मागोमाग सेफिना आली ती तणतणतच. “आजी, उद्या तिला वचन म्हणायचंय, अन् तुम्ही तिला इथं काय घेऊन आलात? पांढरा झगा इस्त्री करून ठेवलाय मी!”

“झगा कुठं पळून जातोय?” आजी म्हणाली. “सकाळपासून हिचं कोपर दुखतंय. घोट्यातलं दुखणं कोपरात कसं चढेल? चाळीस वर्षं चोळतेय मी, माझ्या हाताखाली दुखणं कधी वर चढलं नाही. अन् पोरगी नुसती पडून असते, तरी छाती कशी धडधडतेय, हात लावून बघ.”

मकेरिताने नव्या स्टेथोस्कोपसाठी हात पुढे केला, पण तो जागेवर नव्हता. धाकटी नर्स तो घेऊन पलीकडच्या गावांत लसी टोचायला गेली होती. मग खालचा खण उघडला. किती दिवसांनी माझ्यावर उजेड पडला!

“ही फाटकी नळी?” सेफिना म्हणाली. “सिस्टर, हिला काय ऐकू येणार? हिलाच औषध द्या आधी.”

मला असा राग आला म्हणून सांगू! पण बाई खोटे बोलत नव्हती. माझी चीर उघडी होती. मकेरिताने तिच्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, चकती पुसली, पोरीला गार लागू नये म्हणून तळहातावर घासून कोमट केली आणि पुआच्या छातीवर टेकवली.

मला पहिल्याच ठोक्याला ऐकू आले. दोन ठोक्यांच्या मध्ये, जिथे शांतता असायला हवी, तिथे काहीतरी सळसळत होते. मी जीव खाऊन तो आवाज वर ढकलू लागलो. पण पट्टीच्या कडेने तो गळत होता आणि त्यातच शेजारच्या चर्चमध्ये उद्याच्या गाण्यांची तालीम चालली होती. साठ पोरे एकदम गात होती. मकेरिताने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली.

“नीट कळत नाही,” ती म्हणाली.

“मग काही नसेल,” सेफिना घाईने म्हणाली. “चल गं पुआ.”

त्या वेळी माझा जीव टांगणीला लागला. ती पोर दारातून बाहेर पडली असती, तर तो आवाज फक्त मला ठाऊक राहिला असता, आणि मला तोंड नाही.

“थांब,” लुसियाआजी म्हणाली. ती काठी टेकत बाहेर गेली. तिने चर्चच्या दारात उभे राहून काय सांगितले ते कळले नाही, पण गाणे मध्येच तुटले. पाद्रीसकट साठ पोरे गप्प झाली. मागे फक्त समुद्र उरला. मकेरिताने माझी पट्टी बोटांनी घट्ट दाबून धरली.

लब-श्श्श-डब. लब-श्श्श-डब.

तिचे डोळे उघडले. “सेफिना, मागच्या महिन्यात हिचा घसा दुखला होता का?”

“घसा? घशाचा इथं काय संबंध?”

“दुखला होता का?”

“दुखला होता. तीन आठवडे झाले असतील. लिंबाच्या पानांचा काढा दिला, चार दिवसांत बरी झाली. घसा काय, सगळ्याच पोरांचा दुखतो.”

मकेरिता तिच्यासमोर खाली चटईवर बसली. “घशात एक जंतू येतो. घसा चार दिवसांत बरा वाटतो, पण त्या जंतूशी लढायला उठलेलं शरीर कधी कधी चुकतं आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडतं. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. सांधे सुधारतात गं. पण ते हृदयावर गेलं, तर तिथल्या झडपा खराब होतात, त्या सहजी सुधारत नाहीत. हिच्या झडपेतून रक्त मागं गळतंय, असा आवाज आहे. चारच्या बोटीनं पलीकडच्या बेटावर, आपियाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं.”

“सोमवारी नेते. एका दिवसानं काय होतंय?”

“उद्या हिनं तासभर उभं राहून वचन म्हणायचं, दुपारी पोरांबरोबर धावायचं. याच हृदयाच्या जोरावर ना?”

“मी म्हणेन, आई,” पुआ हळूच म्हणाली. “उद्या मला आधी जेवायला मिळणारंय.”

सेफिनाने लुसियाआजीकडे पाहिले. आजी दारात परतली होती. “आजी, तुम्ही सांगा ना. तुमच्या हातानं उतरत होतं की नाही?”

“नव्हतं उतरत, पोरी,” आजी म्हणाली. “ते आपलं आपण फिरत होतं. मला वाटलं, माझ्या हाताला यश येतंय. मी चुकले.”

चाळीस वर्षांची कीर्ती तिने अशी एका वाक्यात खाली ठेवली. तेवढे धैर्य मी फार थोड्या माणसांत ऐकले आहे.

तरी सेफिना तयार होईना. तेव्हा मकेरिताने मला स्वतःच्या कानांतून काढले आणि सेफिनाच्या कानांत घातले. चकती आधी सेफिनाच्याच छातीवर ठेवली. लब-डब. मग पुआच्या. मी माझी सगळी उरलीसुरली ताकद लावली. सेफिना ऐकत राहिली. तिचा हात पुआच्या पाठीवर गेला.

“बोट किती वाजता म्हणालात?” तिने विचारले.

त्या रविवारी पांढरा झगा घरात खुंटीवर राहिला. पुआ पाच आठवडे मोठ्या दवाखान्यात पडून होती. सूज गेली, ताप गेला. झडपेतली सळसळ कमी झाली, पण पुरती गेली नाही. घसा पुन्हा बिघडला तर हृदयावर पुन्हा घाला पडू शकतो, म्हणून आता तिला दर अठ्ठाविसाव्या दिवशी पेनिसिलिनची सुई घ्यावी लागते. निदान दहा वर्षे. एकही चुकवायची नाही.

लुसियाआजी अजून चोळते, पण कोणाच्या पोराचा सांधा सुजला, की आधी विचारते, “घसा दुखला होता का?” आणि कोणी काही बोलायच्या आत त्याला इकडे पाठवते. मी खणातून खिळ्यावर आलो, पण मला नवी नळी मिळाली नाही. पट्टी मात्र दर महिन्याला बदलली जाते आणि पुआची छाती ऐकायला मकेरिता मलाच उचलते.

मित्रांनो, तुमचा घसा दुखला, अंग तापले, सांधे सुजले, तर घरच्यांना सांगा आणि दवाखान्यात जा. दुखणे जागा सोडून गेले म्हणजे आजार गेला असे समजू नका. आणि माझ्यासारख्याला खणात टाकण्याआधी एकदा त्याची नळी तपासा, एवढेच मागणे.

आज अठ्ठाविसावा दिवस आहे. चार वाजून गेले, दवाखाना बंद व्हायची वेळ झाली आणि पुआचा पत्ता नाही. मकेरिता दोनदा दाराशी जाऊन आली. सुई भरायची तयारी करून ठेवली आहे. मी खिळ्यावरून कान लावून बसलो आहे. वाटेवर समुद्राशिवाय काही ऐकू येत नाही. अजूनही नाही. आणि आता, काठीची टकटक, त्यामागे रडका सूर.

“आजी, आज नको ना, उद्या जाऊ!”

“उद्या म्हणायचं नाही,” लुसियाआजीचा आवाज येतो. “चल, पाय उचल.”