दुबार तक्रार

ग्रंथालयाच्या वेबसाइट विभागात कायम नोकरीतली माणसं तीन, खुर्च्या चार आणि शिल्लक तक्रारी कधीच दहाच्या वर नाहीत. या शेवटच्या आकड्याचा विभागप्रमुखांना अभिमान होता. दर शुक्रवारी संध्याकाळी तो संचालकांकडे जायचा, आणि दहाच्या आत असला की संचालक काही विचारायचे नाहीत. संचालकांनी काही न विचारणं यालाच त्या इमारतीत कौतुक म्हणत.

तक्रारी कमी करायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे त्या सोडवणं. विभागप्रमुखांचा हात बसला होता तो दुसऱ्यावर. तक्रारीपुढे तीन शेरे मारता यायचे, आणि कुठलाही मारला की ती शिल्लक धरत नसत: 'सोडवली', 'नंतर पाहू' आणि 'दुबार'. यातला 'दुबार' फार गुणी. तीच तक्रार आधी कुणी केलेली असली की नवी बंद करायची. आधीची 'नंतर पाहू'मध्ये वर्षभर भिजत पडलेली का असेना, आकडा खाली येतो.

निम्म्या तक्रारी अण्णांच्या असत, कारण तक्रारी करणं हीच अण्णांची नोकरी होती.

अण्णा मूळचे ग्रंथालयाचे टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही, पण सव्वीस वर्षांत एकाही माणसाचा फोन चुकीच्या टेबलावर गेला नव्हता. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, टेलिफोनचं बोर्ड भंगारात गेलं आणि अण्णांचं काय करायचं हा प्रश्न उरला. मग कुणीतरी सुचवलं, न दिसणाऱ्या वाचकांना आपली वेबसाइट वापरता येते का हे बघायला यांनाच बसवा. तेव्हापासून अण्णा वर्षावर्षाच्या कंत्राटावर चौथ्या टेबलाशी बसत. समोरचा पडदा कायम बंद, त्यावर त्यांची टोपी अडकवलेली. कानाला हेडफोन, हाताखाली कीबोर्ड. संगणकातली बाई त्यांना पानावरचं सगळं वाचून दाखवायची, तेही अशा वेगात की बाकीच्यांना पिठाची गिरणी चालू आहे असं वाटावं.

"अण्णा, ही श्वास कधी घेते हो?" विभागप्रमुख विचारायचे.

"मध्ये बोलायला नवरा नाही ना साहेब तिला," अण्णा म्हणायचे.

दोघांची गट्टी होती. डबा एकत्र, चहा एकत्र. कामाचं मात्र तोंडी बोलायचं नाही, असा विभागप्रमुखांचाच नियम होता. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही, आणि जिची नोंद नाही ती सोडवून आकड्याला काय फायदा? 'तक्रार लेखीच करावी' असा ठसठशीत कागद त्यांनी भिंतीवर लावला होता. विभागात तो कागद कधीही न पाहिलेला माणूस एकच, आणि नियम पाळणाराही तो एकच.

चौदा महिन्यांपूर्वी अण्णांनी एक तक्रार लिहिली होती. फॉर्मच्या शेवटी जे 'पाठवा' असं बटण आहे, ते बटणच नाही. नुसता रंगवलेला चौकोन आहे. माउसने टिचकी मारली तर चालतो; पण टॅबची कळ दाबत एकेक रकाना पुढे गेलं की बाई सगळ्या रकान्यांची नावं सांगते आणि या चौकोनावरून काही न बोलता पुढे निघून जाते.

तेव्हा विभागप्रमुखांनी डबा खाताना नियम मोडून विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय होतं?"

"भिंतीवर दार रंगवलंय साहेब. तुम्ही लोक त्यातून कसे काय जाता कोण जाणे. मला भिंत लागते."

विभागप्रमुख खूप हसले होते. घरी जाऊन बायकोलाही त्यांनी हे वाक्य ऐकवलं. मग शेरा मारला: 'नंतर पाहू'. सगळ्या फॉर्मांना तेच बटण होतं, एकाला हात लावला की सगळ्यांना लावावा लागणार होता. शिवाय त्या चौकोनाचा रंग संचालकांनी स्वतः निवडला होता.

त्यानंतर चौदा महिन्यांनी आला तो शुक्रवार. दुपारी चारला विभागप्रमुखांनी यादी उघडली, तर तेरा तक्रारी. त्यांनी बाह्या सरसावल्या. दोन ठिकाणी 'नंतर पाहू'. तिसरी अण्णांची: 'फॉर्मचं पाठवा बटण कीबोर्डने लागत नाही'. मथळा ओळखीचा. दुबार. आणखी एक दुबार. राहिल्या नऊ. चार वाजून बारा मिनिटांनी आकडा संचालकांकडे गेला, आणि साडेचारला विभागप्रमुख मेहुणीकडे जेवायला जायचं म्हणून लवकर निघाले. जाताना अण्णांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "चला अण्णा, सोमवारी भेटू."

अण्णांनी हेडफोन अर्धा बाजूला केला. "बघितली का यादी?"

"बघितली की. चकाचक!"

अण्णांनी हेडफोन परत कानावर ओढला.

सोमवारी चौथी खुर्ची रिकामी. मंगळवारीही. पडद्यावरची टोपी नव्हती. विभागप्रमुख खालच्या मजल्यावर आस्थापनेच्या मॅडमकडे गेले.

"अण्णा? त्यांचं कंत्राट संपलं ना. मुदतवाढीचे फॉर्म यंदापासून वेबसाइटवर घेतले. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत आला नाही तर 'इच्छुक नाही' असं धरायचं होतं. बाकी सगळ्यांचे आले."

"अहो, पण त्यांना कळवलं होतं का?"

"म्हणजे काय! तीनदा मेल केला. चांगला लाल मोठ्या अक्षरांत, चौकट-बिवकट करून." मॅडमनी मेल दाखवला. खरंच देखणा होता. मजकूर, तारीख, चौकट, सगळं मिळून एक चित्र. अण्णांच्या बाईने तो तिन्ही वेळा एका शब्दात वाचला असणार: चित्र. मॅडमकडून रोज सकाळी फुलांचं चित्रही यायचं.

"आता काही करता येईल?"

"वर विचारलंत तर बघा. पण जागाच गोठवलीय म्हणे. तपासायचं सॉफ्टवेअर घेतलंय ना, त्याने आपल्या साइटला शंभरपैकी शंभर दिलेत."

संचालकांनी पाच मिनिटं दिली. "इच्छुक नव्हते ना ते?" एवढंच विचारलं. विभागप्रमुखांना उत्तर येत होतं. पण उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न यादीवर आला असता. ते म्हणाले, "बघतो सर," आणि बाहेर आले. नंतर पुष्कळ दिवस त्यांना आठवत राहिलं ते दालनाच्या दारापासून जिन्यापर्यंतचं अंतर. चौदा पावलं होती. कुठूनही परत फिरता आलं असतं.

जागेवर येऊन त्यांनी शुक्रवारची बंद केलेली तक्रार उघडली. मथळ्याखाली मजकूर होता. तो वाचायची पद्धत नव्हती. अण्णांनी लिहिलं होतं: 'आज जेवताना शिपाई म्हणाला, म्हणून मुदतवाढीचा फॉर्म उघडला. सगळा भरून झालाय, पाठवता येत नाही. मुदत आज पाचची आहे. दुसऱ्याच्या हाताने दाबून घेता येईल, पण मग मी तपासलं काय? कृपया पाचच्या आत बघावे.' वेळ तीन वाजून पाच मिनिटं.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसे विभागप्रमुख कामाला बसले. सगळ्या फॉर्मांतला चौकोन काढून तिथे साधं, खरं बटण ठेवलं. अकरा मिनिटं लागली. मग अण्णांच्या टेबलाशी गेले, कारण वाचणारी बाई तिथेच होती. पडदा सुरू करून फॉर्म उघडला, हेडफोन कानाला लावला आणि टॅब दाबला. गिरणी सुरू झाली. एक शब्द कळेना. तिला हळू कसं करायचं हे माहीत असलेला माणूस कार्यालयात उरला नव्हता. त्यांनी अण्णांना फोन लावला.

"बोला साहेब."

"अण्णा, ती तक्रार... मी वरचा मथळाच वाचला हो."

"कळलं मला. चार बाराला उत्तर आलं, बाईने वाचून दाखवलं. तिच्या आवाजात भावना नसतात, ते एक बरं."

"तोंडाने सांगायचं होतंत! मी दहा पावलांवर होतो!"

"विचारलं की. चकाचक म्हणालात. आणि नियम तुमचाच ना साहेब. आता कशासाठी केलात फोन?"

"बटण दुरुस्त केलंय. पण ही काय बोलते ते मला कळत नाही."

"फोन स्पीकरवर टाकून हेडफोनला लावा. दाबत राहा टॅब."

विभागप्रमुख फोन हेडफोनला चिकटवून टॅब दाबत राहिले. पलीकडून अण्णा हलक्या आवाजात सांगत होते, पूर्वी बोर्डावर सांगत तसेच. "नाव... जन्मतारीख... पद... थांबा. बटण म्हणाली. 'पाठवा, बटण'. दाबा एंटर."

त्यांनी एंटर दाबला. बाई काहीतरी भरभर बोलली आणि गप्प झाली.

"काय म्हणाली?"

"'मुदत संपली आहे'," अण्णा म्हणाले. मग घसा साफ करून तपासनिसाच्या आवाजात पुढे म्हणाले, "पण लागलं हो बटण. आता करा ती जुनी तक्रार बंद."