मागच्या चाकाचा चिखल

वहिनीच्या हातांना चैन नव्हतं. दिवसभर ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची आणि घरी आली की चहा अर्धा टाकून खाली पार्किंगमध्ये जायची. तिथे तिची लांबच्या प्रवासाची दणकट मोटरसायकल उभी असे. तिच्या मागच्या चाकाशी वहिनी उकिडवी बसून राही.

वर सोफ्यावर तिची नणंद हाताला प्लास्टर घालून बसलेली असे. लहानपणापासून तिला सगळे भिंगरी म्हणत. आता भिंगरी एका जागी होती आणि घरभर गरगरत होती ती वहिनी.

दोघी जोडीने भटकायच्या, आपापल्या गाडीवर. वहिनी पुढे, भिंगरी मागे. त्या दिवशी खोदून ठेवलेल्या रस्त्यावर वहिनीच्या चाकाने उडवलेला चिखल थेट भिंगरीच्या हेल्मेटच्या काचेवर बसला. ती हातमोज्याने पुसायला गेली, तर तो आणखीच फासला गेला. पुढचं वळण तिला दिसलंच नाही. वहिनीने आरशात पाहिलं, तेव्हा मागचा रस्ता रिकामा होता.

"तुझा काय दोष त्यात?" नवरा म्हणायचा. "चिखल काय तू विकत आणला होतास?"

"चाक माझं होतं."

"अगं वहिनी, मी तुला अगदी चिकटून चालवत होते," भिंगरी सोफ्यावरून म्हणायची. "आणि आता मी ठणठणीत आहे. प्लास्टर निघालं की जाऊ परत."

वहिनी ऐकून घ्यायची आणि खाली जायची.

आधी तिने मडगार्डला रबराचा रुंद पट्टा लावला. गाडी वेगात आली की पट्टा वाऱ्याने मागे उडायचा आणि चिखलाला रान मोकळं. मग तिने तो लांब केला, जवळजवळ जमिनीपर्यंत. दुसऱ्याच दिवशी गाडी मागे घेताना पट्टा चाकाखाली सापडला आणि मडगार्डचं टोक घेऊनच निघाला.

"आता चिखल कशाला, मडगार्डच उडतंय," नवरा हसला. वहिनी हसली नाही. त्या रात्री ती धड जेवलीही नाही.

मग तिच्या लक्षात आलं, की मडगार्ड चाकापासून फार उंच आहे. चिखल अडवायचा तर चाकाच्या अंगालगतच अडवायला हवा. तिने कामावरचं मेण आणलं, टायरच्या गोलाईवर थापलं आणि जबड्याचा घेतात तसा चाकाचा साचा घेतला. त्यावरून पातळ, कडक फायबरची कमान बनवली आणि चाकाबरोबर वर-खाली होणाऱ्या दांडीलाच ती बसवली. म्हणजे खड्ड्यात चाक उसळलं तरी कमान त्याच्यासोबत उसळणार, घासणार नाही. मागे रबराचा आखूड तुकडा ठेवला, तो मात्र जाड.

"पण हे बघणार कोण?" ती म्हणाली. "स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही."

म्हणून पाऊस पडून गेल्यावर तिघं त्याच रस्त्यावर गेली. वहिनी मोटरसायकलवर, मागे नवऱ्याची कार आणि शेजारच्या सीटवर भिंगरी. वायपर लावायचा नाही, असं ठरलं होतं.

वहिनीने चिखलातून गाडी घातली, वेग वाढवला आणि बऱ्याच अंतराने थांबून धावत मागे आली. कारच्या काचेच्या खालच्या कडेला थोडे शिंतोडे होते. बाकी काच लख्ख.

"जमलं! भिंगरे, बघितलंस ना?"

भिंगरीने पाहिलं नव्हतं. तिने डोळे घट्ट मिटले होते, चांगल्या हाताने दाराची कडी धरली होती आणि ओठ पांढरे पडले होते.

नवरा हळूच उतरून लांब जाऊन उभा राहिला. वहिनी त्याच्या जागेवर बसली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," भिंगरी म्हणाली. "तू खाली खाटखूट करायचीस, मला वर घाम फुटायचा. तू एवढं मनापासून करत होतीस, मग सांगू कशी? वहिनी, मला नाही जमणार आता तुझ्या मागे यायला."

वहिनीच्या तोंडाशी बरंच काही आलं. काच कशी स्वच्छ आहे, कमान कशी पक्की आहे. ते तिने गिळलं.

"मागे नको येऊस मग. पुढे हो."

"मी? मी रेंगाळेन."

"रेंगाळ. मी काय ट्रेन पकडायला चाललेय?"

प्लास्टर निघालं. वहिनीने तशीच कमान भिंगरीच्या गाडीलाही बनवली. यावेळी साचा घेताना मेण धरायला भिंगरी होती. एका ढगाळ सकाळी दोघी निघाल्या. भिंगरी पुढे. गाव संपायच्या आतच ती दोनदा थांबली, एकदा आरसा नीट करायला, एकदा उगीचच. वहिनीला गाडी पुढे काढायची सवय. तिची मनगटं शिवशिवत होती. पण दरवेळी ती अंतर राखून मागे थांबली आणि इंजिन बंद केलं.

तिसऱ्यांदा भिंगरी थांबली, तेव्हा तिने हेल्मेटची काच वर करून ओरडून विचारलं, "कंटाळलीस?"

"भयंकर," वहिनी ओरडली. "चल आता."

आणि भिंगरी निघाली, आधीपेक्षा जरा जोरात.